रबरातला गणंग

रबर कितपत पक्कं झालंय हे मोजायला शिकवण्यासाठी मी पेणहून रोह्याच्या कॉलेजात जाते, आणि खरं सांगायचं तर दरवर्षी या प्रयोगात माझाच गोंधळ उडतो. रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात. तुकड्याचं वजन करून तो टोल्युइन नावाच्या द्रवात बुडवायचा, दुसऱ्या दिवशी टिपून पुन्हा वजन करायचं. गाठी जास्त, तर फुगणं कमी. हे उलटं गणित सांगताना मी हमखास घसरते आणि मुलं हसतात.

त्या वर्षी तोंडी परीक्षेला एका कंपनीचे साहेब आले होते. त्यांच्या लॅबमध्ये एकच जागा होती आणि कोलाडकडच्या एका मुलीचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. प्रयोगात तिचा हात अगदी साफ.

साहेबांनी तिच्यापुढे दोन तुकडे ठेवले. एक टम्म फुगलेला, दुसरा जेमतेम. "यातला चांगला कुठला?"

तिने फुगलेला उचलला. "ह्यो. दुसरा गणंग हाय."

तिच्या घरी वाल पिकतात. भिजत घातला तरी न फुगणारा आणि कितीही शिजवला तरी दाताखाली कडक लागणारा गणंग दाणाच तिला आठवणार! साहेब खो खो हसले. "अगं, आमचे वायसर तेलात बसतात. ते फुगले तर मशीन बंद!"

"मग कशासाठी चांगला, ते आधी सांगायचं ना सर," ती गाल फुगवून म्हणाली.

तिला दटावू की शाबासकी देऊ, मला सुचेना. मला तिचं पटत होतं, पण मार्क त्यांच्या हातात होते. साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि ते उठले. मी गाडीपर्यंत त्यांच्या मागे गेले. "सर, त्या मुलीचं काय?"

"मॅडम, आम्हाला न फुगणाराच माल लागतो," ते हसत म्हणाले आणि त्यांनी काच वर केली.

हे रबराबद्दल होतं की तिच्याबद्दल? थट्टा की नकार? सरळ बोलायला काय होतं या माणसाला! मी चिडले, आणि नेमकी कशावर चिडले तेही कळेना.

ती पायरीवरच उभी होती. "मॅडम, घेतलं का मला?"

माझ्या तोंडून "हो" कसं निघून गेलं, देव जाणे. ते निस्तरायला मी तोंड उघडेपर्यंत तिने आईला फोन लावला होता.

"आये, लागली गो मी कंपनीत!"