प्रेमाअक्काच्या गाडीचा सायलेन्सर

आमचे फत्तेसिंगमामा सायलेन्सर करायचे. विकायचे नाहीत, करायचे. हा फरक ज्या गिऱ्हाइकाला कळत नसे त्याला ते पायरीवरूनच परत पाठवत. जे.सी. रोडच्या मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. पुढच्या मोठ्या रस्त्यावर नव्या गाड्यांचे तयार पाइप दुकानादुकानांत टांगलेले असत. ज्या गाडीचा पाइप आता कुठेच मिळत नाही, ती गाडी हिंडून हिंडून शेवटी मामांकडे येई.

आमचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे दक्षिणेत आलं असं घरात सांगतात. मामा ते गिऱ्हाइकांनाही सांगत, कुणी न विचारता. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेले लष्करी ट्रक दुरुस्त केले आणि तिथेच मामा पाइप वाकवायला शिकले. सरळ पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुडद्या मारायच्या, हवी ती जागा लालभडक तापवायची आणि हळूहळू वाकवायची. आत वाळू असली की पाइप चेपत नाही. टेपने माप घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. गाडीखाली आडवं पडून एक लोखंडी सळई वाकवायची आणि त्या सळईबरहुकूम पाइप करायचा.

आणि माप घेताना गाडी भरलेली हवी. रिकाम्या गाडीचं माप घेतलं तर माल चढल्यावर मागचा आस वर येऊन पाइपाला ठोकतो. म्हणून पिकअप आली की मामा गल्लीतल्या माणसांना हाक मारत आणि हौद्यात बसवत. चहावाला, शिवणकाम करणारे दोघे, रस्त्याने जाणारं एखादं ओळखीचं कुटुंब, सगळे निमूट बसत. नाही म्हणायची सोय नव्हती. मामांना उलट बोललेलं चालत नसे, हे गल्लीला माहीत होतं आणि आम्हाला तर लहानपणापासून.

शहाण्णव साली प्रेमाअक्काला त्यांच्याकडे मीच घेऊन गेले. प्रेमाअक्का आमच्या शेजारची. नवरा गेल्यावर त्याची जुनी पिकअप ती स्वतः चालवायला लागली. घरी सात बायका हाताशी घेऊन स्वयंपाक करायची आणि रोज दुपारी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात दोनशे चाळीस माणसांचं जेवण पोचवायची. त्या एका कामावर तिचं आणि त्या सात जणींचं घर चालायचं. महिनाभर तक्रार येत होती की भाताला धुराचा वास येतो. हौद्यावर ताडपत्री, खाली गंजलेला पाइप, वास येणारच. कॅन्टीन बघणाऱ्या विश्वासरावांनी शेवटचं सांगितलं होतं, पुन्हा वास आला तर काम दुसऱ्याला.

शनिवारी मामांनी सगळा पाइप नवीन केला. मापाला हौद्यात आम्ही नऊ जण होतो. संध्याकाळी पाइप बसला, इंजिन सुरू झालं. गळती बघायला मामांनी पाइपावरून ओला फडका फिरवला, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून एकेक सांधा ऐकला. मग ताडपत्रीत डोकं घालून छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "सरी, झालं ठीक! देवघरात बसल्यासारखं वाटतंय बघ."

मी त्यांच्या मागेच उभी होते. मला वास आला होता. अगदी थोडा, पण आला होता. मी बोलले नाही. म्हटलं, चाळीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला मी काय सांगणार, आणि वर चारचौघांत ओरडा कोण खाणार? त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी दुपारी ऑफिसात प्रेमाअक्काचा फोन आला. अर्धा भात परत आला होता. मी इंदिरानगरहून रिक्षा करून शेडवर पोचले तेव्हा ती गाडी लावून नुकतीच उतरत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, तुम्ही वास घेतला होता ना शनिवारी?"

"घेतला म्हणजे? तुझ्यासमोर घेतला!" मामा उसळले. "माझ्या पाइपात खोट नाही. भात करपला असेल तुमचा. बायकांना लक्ष नको द्यायला?"

"भात करपला नव्हता, अण्णा."

"मग त्या कारखानेवाल्यांच्या नाकाला सवय लागलीय धुराची!"

सोयरामामी डबा घेऊन आली होती. ती बाकड्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती उठली आणि म्हणाली, "पुरे आता. दोन वर्षं झाली, ह्यांना दूध करपलेलं कळत नाही. मागच्या महिन्यात गॅस उघडा राहिला होता, हे तिथेच बाजूला पेपर वाचत बसले होते. नाक गेलंय ह्यांचं, प्रेमा. पाइप जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो ना, त्याने गेलं. मला सांगू नको म्हणाले, मी नाही सांगितलं. आज सांगते."

गल्लीतला चहावाला ग्लास धुता धुता थांबला. मला वाटलं, आता मामा काहीतरी आपटणार. पण ते हातातला पाना फडक्याने पुसत बसले, बराच वेळ, पुसून झाल्यावरही. मग मला म्हणाले, "सुखदा, तुला आला होता वास?"

"आला होता, मामा."

"मग बोलली का नाहीस गे?"

"तुम्हाला कोण बोलणार?"

मामा उठले, शर्ट बदलला आणि प्रेमाअक्काला म्हणाले, "चल बोम्मसंद्र्याला. सुखदा, तू मागे बस. ताडपत्री बांधून घे. नाक तुझं, आजपासून."

होसूर रोडने तासभर मी त्या हौद्यात रिकाम्या पातेल्यांमध्ये बसून फळ्या हुंगत गेले. ऑफिसची साडी नेसून. गाडी उभी असताना वास जेमतेम होता, गाडी पळायला लागली की वाढायचा. तिसऱ्या फळीपाशी फटीतून येत होता आणि मागून ताडपत्रीच्या तोंडातूनही आत ओढला जात होता. मी खडूने दोन्ही जागी खुणा केल्या.

कॅन्टीनमध्ये दुसऱ्या पाळीचा चहा चालू होता. विश्वासराव पुण्याचे, नुकतेच बदलून आलेले. म्हणाले, "हे बघा प्रेमाताई, आय हॅव नो चॉइस. लोक जेवत नाहीत. मी मॅनेजमेंटला काय सांगू?"

मामा पुढे झाले. रांगेत तीस-चाळीस कामगार कप घेऊन उभे होते. मामांना हळू बोलायची सवयच नव्हती. "साहेब, चूक बाईंची नाही. पाइप मी केला. वास घेऊन सरी म्हणून मी सांगितलं. मला वास येत नाही, साहेब. दोन वर्षं येत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. धुराचं काम करणाऱ्याला धूर कळत नाही म्हटलं की कोण गाडी आणणार? माझ्या लबाडीने ह्यांचं काम घालवू नका."

सगळ्या कॅन्टीनने ऐकलं. आमच्या घरात ज्या माणसाने मीठ कमी पडल्याचंही कधी कबूल केलं नाही, तो माणूस अनोळखी लोकांसमोर हे बोलत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

विश्वासरावांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "उद्याचं जेवण येऊ द्या. पण काका, उद्या वास आला तर विषय संपला. मग मला काही करता येणार नाही."

परत येऊन मामा गाडीखाली शिरले. माझ्या पहिल्या खुणेखाली सांध्यात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र निघालं. वर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली होती, त्यामुळे गळणाऱ्या धुराचा आवाज दबला होता, कानाला लागला नव्हता. त्यांनी तो सांधाच कापून टाकला. हौद्याखाली एकही सांधा नको म्हणून एकच अखंड पाइप वाळू भरून वाकवला, आणि त्याचं तोंड मागे न सोडता उजव्या बाजूला, मागच्या चाकापुढून बाहेर काढलं. गल्ली पुन्हा वजनाला हौद्यात बसली. ह्या वेळी मामा दर थोड्या वेळाने खालून विचारत होते, "बोला, आला?" आणि माणसं बोलत होती. शिवणकामवाला म्हणाला, "स्वल्प आला, अण्णा," तर पाइप उतरवून पुन्हा क्लॅम्प आवळला. रात्री उशिरा नऊच्या नऊ जणांनी नाही म्हटलं, तेव्हाच ते बाहेर आले. स्वतः सरी म्हणाले नाहीत.

मंगळवारी मी रजाच टाकली. मामा पुढे प्रेमाअक्काशेजारी बसले, मी मागे भातासोबत. कॅन्टीनमध्ये पहिलं पातेलं टेबलावर ठेवलं, विश्वासरावांनी झाकण काढलं आणि वाकले. वाफ वर आली. मामा पातेल्याकडे बघतच नव्हते. ते विश्वासरावांच्या चेहऱ्याकडे बघत होते, लहान मूल मास्तरकडे बघतं तसं. विश्वासरावांनी दुसरं झाकण काढलं, तिसरं काढलं. मग मागे वळून वाढप्याला म्हणाले, "घ्या वाढायला."

प्रेमाअक्का तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळाने उठून तिने मामांचं ताट वाढलं. भात, सार, बीन्सची भाजी, वर तूप. मामा जेवायला बसले, पण घास काही उचलेनात.

"काय झालं, अण्णा?"

"दोन वर्षं नुसतं गरम आणि तिखट तेवढं कळतंय," मामा म्हणाले. "वास कसला येतोय ग ह्याला? सांग की."

प्रेमाअक्का त्यांच्यासमोर बसली. ताटावर वाकली आणि सांगायला लागली. सारात मिरं आहे आणि हिंग, फोडणीला कढीपत्ता, तो आज सकाळी झाडावरून काढला. भाजीवर ओलं खोबरं. तूप घरचं, कढवताना विड्याचं पान टाकलेलं.

"आणि धूर?"

"धूर नाही, अण्णा."

मामांनी मान हलवली आणि पहिला घास घेतला. ती सांगत राहिली, आणि ते सावकाश सगळं ताट जेवले.