पायातली नवी जोडवी

त्या मुलीचे पाय मी अजून विसरलेलो नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नेवासा तालुक्यात फौजदार होतो. एका सकाळी पोलीस पाटील ठाण्यात वर्दी घेऊन आला. गावातल्या बागायतदाराची सून विहिरीत पडून मेली होती. ‘पाणी काढताना पाय घसरला’ हे वाक्य नोकरीत इतक्यांदा ऐकलंय, की ते कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. तरीही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि निघालो.

प्रेत वर काढलेलं होतं. पंचनामा लिहिताना मी पायांशी थांबलो. जोडवी नवी कोरी आणि त्यांच्या कडेची कातडी ताजी सोलवटलेली. सासरा सांगत होता, लग्नाला तीन वर्षं झाली, सून कायम इथेच नांदते. रोज जोडवी घालणाऱ्या बाईच्या बोटाला वळ पडलेला असतो. हिच्या बोटाला तो नव्हता. म्हातारा धडधडीत खोटं बोलत होता.

घरची माणसं एकत्र बसवली की एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, म्हणून आम्ही वेगवेगळं विचारायचो. सासूला ओसरीवर बसवलं आणि सहज विचारलं, “जोडवी कधी घातली हिला?”

“परवा. नगरहून आली तवा म्याच घातली,” ती बोलून गेली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

मग सगळं बाहेर आलं. नगरला ती अध्यापिका विद्यालयात शिकत होती, वसतिगृहात राहत होती, तेही कुमारी म्हणून. गरजू मुलींना फी माफ असे, वर जेवणखाण भागेल एवढी शिष्यवृत्ती मिळे. मात्र कुमारी मुलीसाठी वडिलांचं उत्पन्न बघत आणि लग्न झालेल्या मुलीसाठी नवऱ्याच्या घरचं. तिचे वडील पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. सासर कालव्याच्या पाण्यावरचं, पण सुनेच्या शिक्षणाला एक छदाम न देणारं. पगार आणणारी मास्तरीण सून मात्र त्यांना हवी होती. तेव्हा दोन्ही घरांनी मिळूनच लग्न लपवलं.

नवऱ्याला ठाण्यात आणला. दुपारपर्यंत तो पाय घसरल्याचंच सांगत होता. शेवटी मी विचारलं, “तिला भेटायला वसतिगृहावर गेला होतास ना?” त्याचा चेहराच बदलला.

“गेल्तो साहेब. तिथल्या बाईंनी तिला इचारलं, ह्यो कोन? समद्या पोरींम्होरं म्हनली, मावसभाऊ हाय.”

“तसं तर तुमचं ठरलेलंच होतं.”

“व्हय. पन कानानं ऐकलं न्हवतं.”

आपली आई आजारी आहे असं सांगून त्याने तिला घरी आणलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली, ती परत जाते म्हणाली. विहिरीच्या काठावर बसून जोडवी ओढून काढू लागली, तेव्हा त्याने तिला ढकललं.

पुढे त्याला शिक्षा झाली. मला समाधान वाटलं नाही. नियम करणाऱ्याने बाप काय कमावतो, नवरा काय कमावतो, हे विचारलं. तिच्या स्वतःच्या हातात काय आहे, हे कोणीच विचारलं नाही. दोन घरांनी ठरवलेलं खोटं तोंडाने बोलायला मात्र ती एकटी होती. तेव्हापासून कुणी घरच्यांच्या एकमताचं कौतुक केलं, की त्या घरातल्या मुलीला मी आधी बाजूला घेऊन विचारू लागलो.

त्या वेळी शवविच्छेदन झाल्यावर प्रेत तिच्या वडिलांच्या ताब्यात दिलं होतं. पायातली जोडवी मुद्देमालात जमा होती. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी दुसरी आणली. बापाने हात आडवा धरला.

“नगं,” तो म्हणाला. “कालेजात हुती तशीच जाऊ द्या तिला.”