कान तुटलेला कप

"खोकायचं तर बाहेर जा. देवावर थुंकी उडते."

मालक हे बोलला ते गिऱ्हाइकांसमोर. माझ्या मांडीवर दीड फुटाची मूर्ती, हातात पॉलिश पेपर. मी मूर्ती खाली ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत सोळा बायका घासत होत्या. एकीनंही मान वर केली नाय. मीही केली नसती.

पेणचा गणपतीचा कारखाना. प्लास्टरची मूर्ती साच्यातून खरबरीत निघते, ती घासून गुळगुळीत करायचं काम आम्हा खाडीकडच्या बायकांचं. पलीकडे रंगकाम. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद, खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं. देवावर धूळ नको. आमच्या छातीत गेली तर जाऊ दे. वीस वर्षं मी ती गिळली. घरी चूल होतीच.

आधी सकाळचा खोकला. मग बेडके. मग स्टँडवरून कारखान्यात जाताना दोनदा थांबायला लागायचं. मी म्हणायची, वय झालं. वय कसलं, पन्नाशी पण भरली नव्हती.

मालकानं बाहेर घातलं त्या दिवसापासून माझा कप वेगळा झाला. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. मालकीण वरून चहा ओतायची, किटली कपाला लागू नये अशी. "टीबी हाय तिला," असं सगळ्यांना सांगायची. तपासलं कुणी? कुणीच नाय. आणि मी येडी, मीही ते खरं मानलं. घरी माझं ताट मीच वेगळं केलं. नात तेव्हा रांगत होती. माझ्याकडे यायची, पदर धरायची. मी तिला पायानं बाजूला सारायची. हातानं पण नाय. वर्षभर. शेवटी पोर यायचीच बंद झाली.

मग एका सकाळी अशी धाप लागली की मला बोलता येईना. सुनेनं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी दोनदा तपासली. टीबी नव्हताच. मग डॉक्टरीणबाईंनी मशीनच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. माझा श्वास अर्ध्यातच संपला.

"बिडी ओढता?"

"नाय ओ. चूल आणि प्लास्टर, एवढंच ओढलं."

त्या हसल्या नाय. कागदावर लिहिलं, सीओपीडी. म्हणाल्या, श्वासाच्या नळ्या आकसल्यात. गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते राखायचं. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप रोज घ्यायचा, फक्त धाप लागल्यावर नाही. घेतल्यावर चूळ भरायची. शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास हळू सोडायचा. धूर आणि धूळ बंद.

मी एकच विचारलं. "नातीला लागेल का?"

"नाही. कुणालाच लागत नाही."

तिथंच बाकावर बसून मी रडले. रोगासाठी नाय. त्या वर्षासाठी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. तीनदा थांबून, ओठ आवळून श्वास सोडत. चहाची वेळ होती. मालकिणीनं सवयीनं तोच कप काढला. मी तो घेतला आणि पायरीवर आपटला.

"एवढा माज?" मालक म्हणाला.

"व्हय."

मग खिडकीचं प्लास्टिक ओढून फाडलं. एकाच खिडकीचं फाटलं, तेवढ्यात दम संपला. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

आठवड्यात नवं प्लास्टिक लागलं. माझ्या जागी दोन वर्षं झाली, भावकीतलीच एक पोरगी बसते. सकाळी खोकते, म्हणते थंडी बाधली. मी म्हटलं, चल गो, दवाखान्यात त्या नळीत फुंकून ये. ती म्हणते, "काम जाईल, काकी."

नात आता चार वर्षांची हाय. अजून माझ्या मांडीवर बसत नाय. बोलावलं की आईच्या मागं लपते.

सोमवारी मी कारखान्याच्या दारात उभी राहणार. हातात माझा कागद. एकेकीला दवाखान्यात नेणार, त्या पोरीला पहिली. मालकानं परत हाकललं तर मंगळवारी येईन. मला चालायला वेळ लागतो. तीनदा थांबावं लागतं. थांबेन, पण घरी बसणार नाय.