न पोचलेली उत्तरं

नवरा गेल्यावर बाइंडिंगचं काम बाईंनी अंगावर घेतलं, त्याला तेरा वर्षं झाली. मागच्या खोलीत प्रेस, पुठ्ठे, खळीचं पातेलं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर. लांबलांबची ग्रंथालयं विस्कटलेल्या पुस्तकांचे फोटो मेलवर पाठवायची, बाई दर कळवायच्या, की पार्सल निघायचं.

त्या वर्षी पार्सलं थांबली. विचारणा यायच्या, बाई उत्तरं द्यायच्या, पुढे सगळं सामसूम. आपलं काम उतरलं की काय, म्हणून त्या आपल्याच जुन्या शिवणी उसवून तपासत बसायच्या.

शेवटी एका ग्रंथपालबाईंचा फोन आला. "अहो, तीन मेल केल्या. साधं उत्तर नाही?"

"तिन्हींना त्याच दिवशी दिलंय की हो!"

बोलावलेल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्याने तासभर खटपट केली आणि कपाळाला हात लावला. कुणीतरी फुकटचं काहीतरी उतरवून घेतलं होतं. त्यासोबत चोर आत शिरला होता. बाईंच्या पत्त्यावरून रोज हजारो लोकांना ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती जात होत्या.

"घेतं तरी का कुणी मेल्यांचं?"

"लाखात एकाने घेतलं तरी भागतं त्यांचं. मशीन तुमचं, वीज तुमची, नाव तुमचं. त्यांना काय लागतंय?"

ते नाव आता मेल अडवणाऱ्यांच्या काळ्या यादीत होतं, म्हणून खरी उत्तरंही कचऱ्यात पडत होती. त्याने मशीन साफ केलं, यादीवाल्यांना अर्ज केला. नाव निघालं. चार दिवसांनी ते आणखी दोन याद्यांत सापडलं, आणि तिथे अर्ज वाचायला माणूसच नव्हता.

धाकटे दीर बाईंकडेच राहायचे. त्या रात्री ते ताटात घास चिवडत राहिले.

"वहिनी, मीच उतरवलं ते. जुन्या गाण्यांसाठी."

"कळलंय मला, भाऊजी. जेवा."

चार शब्द सुनावावेत असं बाईंना फार वाटत होतं. पण त्यांनी नुसती भाजी वाढली.

सकाळी बाईंनी एकेका ग्रंथालयाला फोन लावला. बहुतेकांनी शांतपणे सांगितलं, "मेल करून ठेवा." ग्रंथपालबाई तेवढ्या हळहळल्या. "माझा विश्वास आहे हो. पण वरच्यांनी तीन वर्षांचं काम एका कंपनीला देऊन टाकलं."

प्रेस भंगारात गेला. बाई आता खोक्यांच्या कारखान्यात कोपरे चिकटवतात. तिथे शेजारी बसणारी कामगार पहिल्याच दिवशी म्हणाली, "एवढं निगुतीने नका करू, मागे पडाल." बाई मागेच पडतात, आणि रोज बोलणी खातात.