हरवलेल्या माणसाचा फ्लेक्स

"ताई, फ्लेक्स बघून लोकं हात जोडत्यात," बिरू म्हणाला. "आमचं तात्या वारलं असं वाटतंय त्यास्नी."

मी कवठे महांकाळला फ्लेक्सची डिझाइनं करते. वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली. आता डोळे शिणलेत, हात आपोआप चालतो. बिरूचे वडील, तात्या, मेंढरं राखायचे. अलीकडं विसरायला लागले होते. एके सकाळी घरातून गेले, ते आलेच नाहीत. फ्लेक्स सांगितला होता बिरूच्या चुलतभावानं, सुरेशनं. तात्यांचा कुणाच्या तरी लग्नातला फेट्याचा फोटो, वळणदार सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात सुरेशचा स्वतःचा फोटो. मी नको म्हटलं होतं. "जरा भारी दिसू दे की," तो म्हणाला.

लोक आधी फोटो बघतात. शब्द त्याच्याशी जुळले नाहीत, तर वाचायला थांबत नाहीत. फेटा, हसरा चेहरा, सोनेरी अक्षरं म्हणजे आमच्याकडं वाढदिवस, नाहीतर श्रद्धांजली. 'हरवले आहेत' असं लिहिलेलं होतं, पण तिथवर कुणी पोचतच नव्हतं.

"जाताना अंगावर काय होतं?" मी विचारलं.

"टोपी आन् घोंगडं."

तसा फोटो बिरूच्या मोबाइलमध्ये सापडला. तात्या मेंढरांत उभे, डोळ्यांवर ऊन, कपाळाला आठ्या. जरा धुरकट.

"ह्यो लावायचा?" बिरूबरोबर आलेला सुरेश म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

"म्हनू देत," बिरू म्हणाला. "तात्या घरी आलं म्हंजे झालं."

मी फोटो फ्लेक्सभर मोठा केला. कोपऱ्यातला सुरेश काढून टाकला. फॉन्ट, म्हणजे अक्षरांची घडण, साधी आणि जाड घेतली. ओळ वर न टाकता तात्यांच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवली, म्हणजे बघणारा चेहऱ्यावरून सरळ शब्दांवर येतो: 'हे घरी आले नाहीत.' खाली फोन नंबर, एसटीच्या खिडकीतून वाचता येईल एवढा.

नवे फ्लेक्स मिरजेपर्यंत लावले. मिरजेच्या स्टँडजवळच्या चहावाल्यानं फ्लेक्स बघून फोन केला. "घोंगडंवालं म्हातारं न्हवं? हितं बसलंय. येईल त्याला मेंढरं इचारतंय."

परतताना बिरू तात्यांना दुकानात घेऊन आला. उरलेला एक फ्लेक्स भिंतीला टेकवला होता. तात्या त्याच्यासमोर थांबले.

"कोन रं ह्यो?"

"तुमीच की, तात्या."

"मग घरी का न्हाई आलो?"

बिरूनं तात्यांच्या खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं आणि त्यांना घेऊन गेला.

मी पुढचं काम उघडलं. भारी दिसणारा फ्लेक्स कुणालाही जमतो. लोकांना कळेल असा करायचा, तर आधी काम सांगायला आलेल्याला पटवून द्यावं लागतं, आणि दमायला होतं ते तिथंच.