पाणी जायला वाट

आत्याकडे गेलेल्या माणसाला चहा लगेच मिळत नसे. आधी ती त्याला घरामागच्या रानात नेई, तांब्याभर पाणी जमिनीवर ओती आणि म्हणे, "आता थांबा." माणूस थांबे. पाणीही थांबे. ते गढूळ होई, वर साबणासारखा तवंग धरी, पण खाली जात नसे. मग घरात येऊन चहा, चौकशा, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण. निघताना आत्या पुन्हा रानात नेई. पाणी होतं तिथंच. "बघितलं?" ती अशी कडाडून विचारी, जणू पाहुण्यानंच ते अडवून धरलंय.

तिची एकुलती लेक शोभा. तिला बघायला आलेल्या मंडळींनाही आत्याने सोडलं नाही. मुलाचे वडील त्या ओल्या जागी घसरले आणि पांढऱ्या लेंग्यानिशी बसले. "बाई, आम्ही मुलगी बघायला आलोय," ते उठत म्हणाले. "मुलगी कुठं पळून चाललीय व्हय? आदी ही जमीन बघा," आत्या म्हणाली. "हिच्यापाय तिला हितं ठेवायची न्हाई, म्हणून तर तुम्हाला देतीय." लग्न जमलं. त्या घरच्या लोकांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. शोभा आता रांजणगावात नवऱ्याबरोबर राहते, कंपनीत शिफ्ट करते.

आम्ही शिरूर तालुक्यातले. आत्याला दिली ती भीमेपलीकडे, दौंडच्या बाजूला, अगदी नदीकाठी. सासरचं घराणं पूर्वी मेंढरं राखणारं. काठावरच्या त्या सपाट माळावर उन्हाळ्यात खाराचं पांढरं फुटायचं आणि मेंढरं ते आवडीने चाटायची. आत्याची सासू म्हणायची, "ही चाटायची जमीन हाय, कसायची न्हाई." म्हातारी गेली, मेंढरं विकली, नदीवरून पाइपलाइन आली आणि माळावर ऊस उभा राहिला. पहिली काही वर्षं असा आला, की आत्या पाहुण्यांना त्यात हरवून दाखवायची.

मग ऊस पिवळा पडायला लागला. पाणी फुकटासारखं होतं म्हणून दिवसरात्र सोडलेलं. ते मुरून जायला खाली वाट नव्हती; त्याने मातीतला खार तेवढा वर आणून ठेवला. अशा जमिनीला आमच्याकडे चोपण म्हणतात. वाळली की दगड, भिजली की साबण. नांगराला दोन्ही नकोच. बी टाकलं तर वरच्या कडक पापुद्र्याखालीच गुदमरतं. आत्या या बाबतीत स्वतःलाही सोडत नसे. "आमी उसाला पाणी न्हाई दिलं," ती म्हणे, "आमी त्याला बुडीवला. आन् वरनं पाण्याची पूजा केली."

पूजा झाली होती हे खरं. नदीच्या वरच्या अंगाने येणारी पाइपलाइन तिच्या रानातून पुढे आपल्या रानात न्यायची होती तेव्हा तिचे धाकटे दीर नारळ घेऊन आले होते. त्यांना सगळा गाव आण्णा म्हणतो. आण्णांचं रान आत्याच्या रानाला लागून, उताराला, तिच्या आणि नदीच्या मधे. नवरा नुकताच गेला होता, तरी आत्याने एका शब्दाने वाट दिली. पुढे जमीन चोपण झाली, तेव्हा तिला फक्त एक चर हवा होता: तिच्या रानातलं साचलेलं पाणी आण्णांच्या बांधाकडेने नदीत जाईल एवढा. आण्णा म्हणाले, "वहिनी, तुमचा खार माझ्या रानातनं कशापाय?"

"आवो भावजी, पाणी येताना माझ्या रानातनं आलं. जाताना का उडत जाईल?"

"बघू पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष दर वर्षी येत राहिलं. आत्या त्यांच्या ओट्यावर जाऊन भांडली, ग्रामसभेत भांडली, पुतण्याच्या हळदीत भांडली. गावाने तिचं नाव चरवाली ठेवलं आणि विषय मिटवला. गावांना एखाद्याचं म्हणणं ऐकायचं नसलं, की ती त्याला टोपणनाव देतात.

दरम्यान आण्णांचं पाण्यावरचं भाषण तालुकाभर गाजू लागलं. ते 'थेंब' हा शब्द असा उच्चारतात, की ऐकणाऱ्याला रुमाल काढावासा वाटतो. एका वर्षी त्यांच्याच हस्ते चोपण जमिनीसाठी जिप्समच्या गोण्या वाटल्या. आत्याला स्टेजवर बोलावून गोणीसोबत गुलाबाचं फूल दिलं. आलेल्या कृषी अधिकाऱ्याने सांगितलं, की जिप्सम मातीतला खार सुटा करतं, पण तो धुऊन बाहेर न्यायला चर हवाच. हे वाक्य चालू असताना आण्णांना पुढच्या कार्यक्रमाची घाई झाली. आत्याने गोण्या पसरल्या. खार सुटला आणि तिथंच बसला. "साबण लावला," ती म्हणाली, "आन् आंघोळीला पाणी न्हाई म्हणून उन्हात उभं केलं."

गेल्या वैशाखात आत्या गेली. आधी चार दिवस तिने शोभाला बजावलं होतं, "माझी राख नदीत सोड. रानात टाकू नगं. राख म्हंजी खारच. तिथं काय कमी हाय?"

हल्ली आमच्या भागात राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून घालतात आणि वर झाड लावतात. चांगली रीत आहे, चांगल्या जमिनीत. सावडण्याच्या दिवशी आण्णा आंब्याचं रोप, लोखंडी जाळी आणि फोटोवाला घेऊन आले. शोभा म्हणाली, "आण्णा, आईनं न्हाई म्हणून सांगितलंय." आण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, नदी घाण करायची नसती. वहिनी म्हणजे मातीतलं व्यक्तिमत्त्व." भीमेत अख्ख्या जिल्ह्याची गटारं येतात, आत्याची घमेलंभर राख तेवढी तिला जड होणार होती. आयुष्यभर जिने त्या मातीतला खार बाहेर काढायला वाट मागितली, तिचीच राख त्या मातीत कालवली आणि टाळ्या झाल्या. सावडायला टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. जाळीवर पाटी होती. त्यावर आत्याचं नाव बारीक होतं, आण्णांचं ठळक.

पितृपंधरवड्यात तिच्या नावाचं जेवण होतं, म्हणून मी गेलो. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. आण्णा पाहुण्यांना घेऊन झाड दाखवायला निघाले. जाळीत एक काळी काडी उभी होती आणि खड्ड्यात, रानभर, गढूळ पाणी. आण्णांनी जाळी हलवून बघितली. "दुसरं लावू," म्हणाले. "जाळी तर हायच."

शोभा मागून तांब्या घेऊन आली. त्या साचलेल्या पाण्यात तिने तो ओतला. "आता थांबा," ती म्हणाली. हुबेहूब तोच आवाज. सगळे नकळत थांबले.

तिने घराच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं, जाळीपासून पाण्याचा एक दांड ओढत आणला आणि आण्णांचा बांध फोडला. पाणी आधी घुटमळलं, मग राखेचा करडेपणा घेऊन उताराला लागलं.

"ए पोरी, डोकं फिरलं का?" आण्णा ओरडले. "माझ्या रानात पाणी सोडती व्हय?"

"पाणी न्हाई, आण्णा. आई हाय. नदीला निघालीय." तिने पदर खोचला. "अडवा."

आण्णा वाटेतच उभे होते. त्यांनी गावाकडे पाहिलं. एरवी बोलणारा गाव पाण्याकडे बघत होता. शेवटी एक म्हातारे आबा पुटपुटले, "मेलेल्याच्या वाटंत हुभं ऱ्हाऊ नये, आण्णा." पाणी आण्णांच्या चपलेला लागलं आणि त्यांनी पाय बाजूला घेतला.

लोक नंतर म्हणाले, छान झालं, आत्याला समाधान मिळालं असेल. मला काही छान वाटलं नाही. जी वाट घमेलंभर राखेला मिळते, ती जिवंत बाईला मिळत नव्हती. तिला ऐकायला आम्हाला ती मेलेली हवी होती. मेलेल्याला आम्ही भितो. चरवालीला फक्त हसतो.

"चला, पानं वाढलीत," घरातून कुणीतरी हाक मारली. माणसं हलली. शोभा फावडं रोवून बांधावरच उभी होती.

"थांबा," ती म्हणाली. "आई अजून जातीय."