जुना डबा काढून टाका

आलापल्ली सोडून एसटी सागाच्या जंगलात शिरली, तशी मी माफीची वाक्यं पुन्हा जुळवायला घेतली. पुण्याहून निघताना चार-पाच तयार होती. एटापल्लीला उतरेपर्यंत त्यातलं एकही कामाचं उरलं नव्हतं.

पुढे एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसलो. मोहफुलांचे दिवस होते. झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली आणि बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या.

"कोनाकडे जाता, भाऊ?"

"कमलाबाईंकडे."

"कंपूटरवाल्या बाई? दुकान बंदच असते त्यायचं आता."



कमलाबाई गावात संगणकाचं लहानसं दुकान चालवायच्या. रेशनसाठी अंगठा उमटवायचा तर नेट लागतं आणि गावात ते कधी असतं, कधी नसतं. नसलं की म्हातारीकोतारी माणसं रेंजसाठी टेकडी चढतात. कमलाबाईंची सासूही त्यांतच. टॉवर मागायला तालुक्याला बैठक होणार होती आणि नेट कधी येतं, किती वेळ जातं याचा पुरावा हवा होता. तो गोळा करायला मी दिवाळीनंतर आलो होतो. त्यांच्या संगणकावर नेट मोजणारा प्रोग्राम बसवला, तोही कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे डबाच: प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान आत, बाकी संगणकाला धक्का नाही. रोजच्या नोंदीही मी त्या डब्यातच राहू दिल्या. बाहेर वेगळ्या फोल्डरात ठेवायला एक ओळ जास्त लिहावी लागली असती. कंटाळा केला, दुसरं काय!

बैठकीच्या आठवडाभर आधी त्यांचा टेकडीवरून फोन आला. प्रोग्राम अडकला होता. मी ऑफिसात चहा पीत म्हणालो, "जुना डबा काढून टाका, नवा सुरू करा." काय टाइप करायचं ते त्यांनी अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. मग विचारलं, "जुना काढला तं त्याच्यातलं कुठी जाईल, भाऊ?"

"काही होत नाही हो, काढा बिनधास्त!"

डबा गेला, त्याबरोबर कित्येक महिन्यांच्या नोंदी गेल्या. बैठकीत त्यांच्याकडे जेमतेम आठवड्याचा पुरावा होता. टॉवर दुसऱ्या गावाला मंजूर झाला.

मी पोचलो तेव्हा कमलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मला बघून हसल्या, जावा (तांदळाची पातळ पेज) पुढे केली. मी वाटी खाली ठेवली.

"बाई, चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतं."

"हो, इचारलं होतं म्या," त्या म्हणाल्या. "बैठकीत लई लाज वाटली. सारे मलेच पाहून राह्यले होते."

तेवढ्यात सासू काठी टेकत टेकडीवरून परत आली. "उमटला नाई," एवढंच बोलून ओट्यावर बसली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दुपारी दुकान उघडून मी सगळं नव्याने बसवलं.

"ह्या बारीले नोंदी कुठी ठेवल्या?" कमलाबाईंनी विचारलं.

"डब्याबाहेर. वेगळ्या."

"मंग बराबर. पुढची बैठक कवा होते, कोन जाने."

परतीच्या एसटीत पहिल्या खेपेची डायरी चाळली. त्यांच्या चुलीवर आढ्याला टांगलेल्या पानांच्या गाठोड्यांबद्दल मी तेव्हा विचारलं होतं, आणि उत्तर हौसेनं, त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवलं होतं: "ते बियानं हाय, भाऊ. खायच्या धान्यात नाई ठेवत आमी. कनगी रिकामी झाली तरी ते राह्यलं पाहिजे."

त्याखाली माझ्याच अक्षरात पुढची ओळ होती: जेवण झालं. प्रोग्राम बसवला. नोंदी आतच ठेवल्या.